काकीची पाटी

गेल्या आठवड्यात काकीने पाटी माळ्यावर टाकली. वाडी आहे, विहिरीला पाणी आहे, अळू तर न विचारता वाढतं. पण बसायला जागा नाही. स्टेशनाबाहेर जिथे ती तीस-बत्तीस वर्षं बसली, तिथे आता लोखंडी कठडा आणि शोभेची झाडं. भाजी उठवून हिरवळ केली म्हणे!

वसईची भाजी मुंबईला कधीपासून जाते, यावर पुष्कळांनी गहिवरून लिहिलंय. ते सोडा. माझ्या डोळ्यांपुढे आहे ते 1990 ते 2000.

जेवणं आटोपली की ओटीवर माठ-मुळ्याचा ढीग पडायचा. काकी केळीच्या सोपटाने जुड्या बांधायची, दाताने गाठ ओढून. अळूची पानं केळीच्या पानात गुंडाळायची, वर ओलं गोणपाट. पहाटेच्या लोकलचा लगेजचा डबा, त्यातही प्रत्येकीचा कोपरा ठरलेला.

काका म्हणायचे, "दलालाला दे, पाठ तरी सुटेल." 1996 मध्ये भाजीचा घाऊक बाजार भायखळ्याहून वाशीला गेला आणि काका गप्प झाले. दोन पाट्या घेऊन खाडीपलीकडे कोण जाणार? गेलं तरी अडत, हमाली, तोलाई कापून उरणार काय? फुटपाथवर दुपारी बाराला रोकड हातात. तीही काकीच्या कमरेच्या पिशवीत; तिचा हिशेब काकांनाही नसे. आमची वाडी राहिली ती त्या पिशवीपायी, असं मी आजही म्हणतो.

त्याच दशकात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसईची चळवळ जोरात होती. आमच्या आळीतले काही जण मोर्चातही पुढे आणि बिल्डरच्या ऑफिसातही पुढे. नावं पाठ आहेत, असो.

2009 ला वसईत महापालिका आली, मग टॉवर. 2016 मध्ये सरकारने फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून मोकळी केली. मी उत्साहाने बातमी वाचून दाखवली. काकीने विचारलं, "म्हणजे बसायला देणार?"

परवा जवळच्या एका संकुलात 'शेतातून थेट घरात' असा बाजार भरला. टेबलाचं भाडं ऐकून काकी मागे फिरली. येताना पाहण्यापुरती अळूची एक जुडी मात्र घेऊन आली.

"बघ, रबर बँड लावलाय," ती म्हणाली. "देठ काळे पडलेत."