एका पेटीत मावलेले अठराशे वर्षांचे सूर

इंदूरकरांनो, घरातली पेटी पुढे ओढा आणि मध्य सप्तकातली पांढरी सहा दाबा. एका सेकंदात ४४० कंपने! पापणी लवेपर्यंत पन्नास तरी होऊन गेली.

आता ही पेटी नामवंत पेटीवादक आणि संगीतकार गोविंदराव टेंबे यांच्यापुढे ठेवू. जन्म १८८१ चा, निधन १९५५ चे. हिशेबापुरते रोजचे दोनच तास धरू आणि अशी पन्नास वर्षे. झाले ३६,५०० तास. म्हणजे १३ कोटी १४ लाख सेकंद!

सेकंदाला पाच पट्ट्या धरल्या, तर ६५ कोटी ७० लाख वेळा बोट पडले. खाली-वर मिळून पट्टी एक सेंटीमीटर हलते असे माना. बोटांचा प्रवास झाला ६,५७० किलोमीटर. मुंबई-पुण्याच्या ४४ खेपा! अवंतिका एक्सप्रेसने इंदूर-मुंबई आठ वेळा! आणि हे सगळे मांडी घालून, बसल्या जागी.

डावा हात तरी कुठे रिकामा आहे? दर दोन सेकंदांना भात्यातून एक लिटर हवा गेली, तर एकूण ६ कोटी ५७ लाख लिटर. पाच मीटर रुंद आणि दहा मीटर खोल विहिरीत सुमारे दोन लाख लिटर मावतात. म्हणजे सव्वातीनशे विहिरी काठोकाठ भरतील एवढा वारा!

आणि कंपने? त्या तासांत एकटी पांढरी सहाच वाजत राहिली असती, तरी ५,७८१ कोटी. कंपनाला रुपया दिला तर ५,७८१ कोटी रुपये. सेकंदाला एक या गतीने मोजायला बसलात तर १,८३२ वर्षे लागतील. आज मोजणी संपवायची, तर पैठणला सातवाहन राज्य करत असतानाच सुरुवात करायला हवी होती!

अजून थांबू नका. आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ ज्या मेरुखंडासाठी ओळखले जातात, त्यात सात स्वरांची मांडणी ५,०४० प्रकारे होते. पेटीच्या एका सप्तकात पट्ट्या बारा. त्यांच्या मांडण्या ४७ कोटी ९० लाख १ हजार ६००! प्रत्येकीला तीन सेकंद दिले, तर रात्रंदिवस न झोपता साडेपंचेचाळीस वर्षे वाजवावे लागेल.

या अफाट पसाऱ्यातून टेंब्यांनी नेमके हवे ते स्वर उचलले. १९११ मध्ये ‘मानापमान’ नाटकाच्या पदांना चाली दिल्या. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी उभी केली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाला संगीत दिले आणि त्यात हरिश्चंद्रही तेच झाले. वर लेखणी चालवली ती वेगळीच.

कोट्यवधी शक्यतांतून अचूक स्वर निवडणारी अशी बोटे शतकात थोडीच होतात. पुढच्या मैफलीत गायकाला दाद देताना शेजारच्या पेटीवाल्यालाही मनापासून दाद द्या.