ऑड्रे लॉर्डचा नकार

वेदना, विद्रोह आणि नकार हे तीन शब्द दलित साहित्याच्या चर्चेत इतके रुळले आहेत की त्यांची धार तपासून पाहण्याची गरज आता कोणाला वाटत नाही. नकार कोणाला? तर प्रस्थापित व्यवस्थेला, वर्णश्रेष्ठत्वाला, परंपरेला. हे उत्तर बरोबरच आहे. परंतु आपल्याच माणसांना, आपल्याच चळवळीला नकार देण्याची पाळी आली तर? आणि तो देऊनही चळवळ सोडायची नसेल तर? अमेरिकेतील काळी कवयित्री आणि निबंधकार ऑड्रे लॉर्ड हिचे सारे आयुष्य या प्रश्नाशी झगडण्यात गेले. म्हणून तिची ओळख करून घेणे आपल्याला अगत्याचे आहे.

काळ्यांचे वाङ्मय आपल्याला परके नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या नियतकालिकांतून वारंवार आली. मात्र ही नावे बहुतेक पुरुषांची होती. शिवाय बाल्डविन हा समलिंगी होता व ते त्याने आपल्या कादंबऱ्यांतून लपवले नव्हते, या गोष्टीवरून आपण बहुधा नजर फिरवून पुढे गेलो. लॉर्डच्या बाबतीत तशी सोय नाही. ती काळी होती, स्त्री होती, दोन मुलांची आई होती आणि स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, म्हणजे लेस्बियन होती. यातली एक ओळख पुढे करून बाकीच्या घरी ठेवून ये, असे ज्याने ज्याने सांगितले त्याच्याशी तिचे भांडण झाले.

तिचा जन्म १८ फेब्रुवारी १९३४ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत झाला. आईबाप कॅरिबियन बेटांतून पोटासाठी आलेले. बाप बार्बाडोसचा, आई ग्रेनाडाची. पोरीची दृष्टी इतकी अधू की जवळजवळ आंधळीच. बोलायलाही ती उशिरा लागली. वस्तीतल्या सार्वजनिक ग्रंथालयात ऑगस्टा बेकर नावाच्या काळ्या ग्रंथपाल बाईंनी तिला गोष्टी वाचून दाखवल्या आणि तिथून तिला वाचनाची गोडी लागली. शाळेत असतानाच तिने कविता लिहिली. शाळेच्या अंकाने ती नाकारली, तेव्हा तिने ती ‘सेव्हन्टीन’ या खपाच्या मासिकाकडे पाठवली आणि तिथे ती छापून आली. पुढे कारखान्यातली मजुरी, मेक्सिकोत एक वर्ष, नोकरी सांभाळत १९५९ साली हंटर कॉलेजची पदवी आणि १९६१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची ग्रंथालयशास्त्राची पदवी. १९६२ मध्ये तिने एडविन रोलिन्स या गोऱ्या वकिलाशी लग्न केले. मुलगी व मुलगा झाला. १९७० मध्ये घटस्फोट झाला.

१९६८ साल तिच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. त्या वर्षी तिचा पहिला संग्रह निघाला आणि मिसिसिपी राज्यातील टुगालू या काळ्यांच्या कॉलेजात सहा आठवडे कविता शिकवण्यासाठी तिला बोलावणे आले. ग्रंथपालाची नोकरी सोडून ती शिक्षिका झाली ती तेव्हापासून. परत आल्यावर न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात ‘सीक’ नावाच्या योजनेत ती शिकवू लागली. गरीब वस्त्यांतील काळ्या व पोर्टो रिकन मुलांना, ज्यांची शाळेतली तयारी कच्ची राहिली आहे अशांना, कॉलेजात आणून पायावर उभे करण्याची ती योजना होती. एड्रियन रिच, टोनी केड बाम्बारा, जून जॉर्डन या लेखिकाही त्याच योजनेत शिकवीत होत्या. १९६९ च्या एप्रिलमध्ये याच मुलांनी कॉलेजचा दक्षिण भाग दोन आठवडे बंद पाडला. कॉलेज हार्लेममध्ये असूनही हार्लेमच्या मुलांना तिथे जागा नाही, हा त्यांचा सवाल होता. त्यातून १९७० मध्ये न्यूयॉर्क शहर विद्यापीठाचे दरवाजे शालान्त परीक्षा उतरलेल्या सर्वांना खुले झाले.

पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या कोणालाही लॉर्डच्या या काळातील आठवणी वाचताना थांबावेसे वाटेल. ‘गेलतो’, ‘व्हतं’ असे लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर लाल शाई फिरवताना आपण नेमके काय पुसतो, हा प्रश्न आमच्याही वर्गात रोज उभा राहतो. लॉर्डला इंग्रजीचे व्याकरण शिकवायचे होते, आणि ते तिलाही धड येत नव्हते. मुलांबरोबर ती ते शिकत गेली. क्रियापदाचा काळ म्हणजे काळाच्या गोंधळाला शिस्त लावण्याची एक रीत आहे, हे शिकवताना तिच्या लक्षात आले. व्याकरण हे मालकांचे म्हणून तिने टाकून दिले नाही, आणि त्यापुढे मान तुकवून मुलांची बोलीही खोटी ठरवली नाही. ते कसे चालते हे समजून घेऊन कामाला लावावयाचे, ही तिची रीत होती. तिच्या निबंधांतील सरळ, ठाशीव वाक्यांचे मूळ मला या वर्गांत दिसते.

तेथून ती जॉन जे कॉलेजात गेली. हे फौजदारी न्यायाचे कॉलेज. विद्यार्थ्यांत पोलिसांचा भरणा. खुल्या प्रवेशामुळे त्याच बाकांवर काळी मुलेही येऊन बसू लागली. बंदुकांची आपल्याला भीती वाटे, असे तिने सांगितले आहे. तिथे शिकवीत असतानाच, २८ एप्रिल १९७३ च्या पहाटे, क्वीन्स भागात सावत्र बापाबरोबर निघालेल्या क्लिफर्ड ग्लोव्हर या दहा वर्षांच्या काळ्या मुलाला एका गोऱ्या पोलिसाने गोळी घातली. १९७४ मध्ये तो पोलीस निर्दोष सुटला. पंचांत अकरा गोरे पुरुष होते आणि एक काळी बाई. लॉर्ड मोटार चालवीत असताना रेडिओवर ही बातमी लागली. गाडी बाजूला घेऊन तिने वहीत जे लिहिले ती तिची फार गाजलेली कविता. ती केवळ पोलिसावर नाही. त्या एकट्या काळ्या पंच बाईचे काय झाले असेल, तिला कोणी कसे वाकवले असेल, आणि तिच्या जागी आपण असतो तर, हा काटा त्या कवितेत आहे. अत्याचारावरच्या कविता आपल्याकडे कमी नाहीत. अत्याचाराला होकार देणाऱ्या आपल्याच माणसाकडे इतक्या धीटपणे पाहणाऱ्या थोड्या.

आता तिच्या स्वतःच्या माणसांविषयी. डेट्रॉइटची ‘ब्रॉडसाइड प्रेस’ ही काळ्यांची स्वतःची प्रकाशनसंस्था. कवी डडली रँडॉल यांनी ती पदरमोड करून चालवली आणि काळ्या कवितेवर तिचे मोठे ऋण आहे. लॉर्डचा तिसरा संग्रह त्यांनीच १९७३ मध्ये काढला. त्यात एका स्त्रीने स्त्रीवर केलेल्या शृंगाराची कविता होती. यात बोलणारा पुरुष समजायचा काय, असे रँडॉल यांनी विचारले. नाही, बोलणारी मीच, असे तिने सांगितले. कविता संग्रहातून गळाली. पुढे १९७४ मध्ये ती ‘मिझ’ या स्त्रियांच्या मासिकात आली, तेव्हा लॉर्डने ते पान फाडून जॉन जे कॉलेजात आपल्याच इंग्रजी विभागाच्या भिंतीवर चिकटवले. ज्या संग्रहातून ती गळाली, त्याला त्याच वर्षी ‘नॅशनल बुक अवॉर्ड’साठी नामांकन होते. पारितोषिक गोऱ्या एड्रियन रिचला मिळाले. रिच, लॉर्ड आणि ॲलिस वॉकर या तिघींनी आधीच ठरवले होते की कोणालाही मिळो, ते सर्व स्त्रियांच्या वतीने एकत्र स्वीकारायचे. आणि तसेच केले.

म्हणून गोऱ्या स्त्रीवाद्यांशी तिचे सूत जमले, असे मात्र नाही. सिमोन द बोव्हारच्या ग्रंथाला तीस वर्षे झाली म्हणून १९७९ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला परिषद भरली. काळ्या स्त्रियांना त्यात शेवटच्या एका परिसंवादापुरती जागा दिलेली. लॉर्डने त्याच व्यासपीठावरून विचारले की तुम्ही इथे स्त्रीमुक्तीची चर्चा करीत असताना तुमच्या घरची झाडलोट कोण करीत आहे, तुमची मुले कोण सांभाळीत आहे? ज्या हत्यारांनी धन्याने वाडा बांधला त्याच हत्यारांनी तो पाडता येत नाही, अशा अर्थाचे तिचे जगभर गाजलेले विधान या भाषणातले. त्याच वर्षी मेरी डेली या स्त्रीवादी विदुषीला तिने अनावृत पत्र लिहिले. डेलीच्या ग्रंथात देवता साऱ्या युरोपच्या होत्या; आफ्रिकेची बाई आली ती फक्त छळ सोसणारी म्हणून. उत्तर आले नाही, असे लॉर्ड सांगत असे. पण तिच्या मृत्यूनंतर चरित्रकार अलेक्सिस दे व्हो यांना डेलीचे उत्तर लॉर्डच्याच कागदपत्रांत सापडले. मोठ्या माणसांच्या भांडणांतही असे घडते. पत्रातील मुद्दा त्याने लंगडा होत नाही.

काळ्या पुरुषांशी वाद घालणे तिला अधिक जड गेले असावे, कारण तिथे माया होती. १९८४ मध्ये तिचा आणि बाल्डविनचा संवाद ‘एसेन्स’ मासिकात छापून आला. गोऱ्या समाजाने काळ्या पुरुषाचा कसा चुराडा केला हे बाल्डविन सांगू पाहतो. लॉर्ड ते नाकारीत नाही. पण तो चुराडा झालेला पुरुष घरी येऊन ज्या बाईवर हात टाकतो ती बाईही काळीच आहे, आणि तिचे रक्त कोणाच्या हिशेबात धरायचे, असे ती पुन्हा पुन्हा विचारते. दोघेही समलिंगी, दोघेही हार्लेमचे; तरी बाई म्हणून तिला जे दिसते ते त्याला चटकन दिसत नाही. आपल्याकडच्या दलित स्त्रियांच्या आत्मकथनांतही नवऱ्याची मारझोड आहे. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या सासुरवासाचे, सुनांच्या हालांचे जे लिहिले त्याने आपल्यातले काही अस्वस्थ झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९९५ मध्ये गोपाळ गुरू आणि १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीच्या वेगळ्या बोलण्याची मांडणी केली. रेगे यांच्या लेखनात काळ्या स्त्रीवाद्यांचे संदर्भ उघड आहेत. समलिंगी दलित माणसाच्या वाट्याला मात्र आपल्या नियतकालिकांत अजून फार थोडी पाने आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कलम ३७७ ची पकड सोडवली, पण आपल्या संपादकांच्या टेबलावरचा संकोच न्यायालय सोडवू शकत नाही.

१९८० मध्ये बार्बरा स्मिथ हिच्याशी बोलताना निघालेल्या कल्पनेतून ‘किचन टेबल’ ही काळ्या व इतर वर्णाच्या स्त्रियांची प्रकाशनसंस्था उभी राहिली. स्वयंपाकघरातले टेबल हीच बायकांची कामाची आणि बोलण्याची जागा, म्हणून ते नाव.

१९७८ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाला व एक स्तन काढावा लागला. ‘द कॅन्सर जर्नल्स’ हे १९८० चे पुस्तक त्या अनुभवाचे. कृत्रिम स्तन न लावता ती डॉक्टरांकडे गेली, तेव्हा परिचारिका म्हणाली की तुम्ही असे आल्याने इथल्या इतरांचे मनोधैर्य खचते. इस्रायलचा सेनापती मोशे दायान डोळ्यावर पट्टी बांधून हिंडतो, त्याला कोणी काचेचा डोळा बसव म्हणत नाही, असे लॉर्डने लिहिले. बाईचे शरीर दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी असते, हा तिचा मुद्दा तिथे आरपार पोचतो. ‘सिस्टर आऊटसायडर’ हा निबंधसंग्रह १९८४ चा. ज्याला फक्त एकच पुस्तक वाचायचे असेल त्याने हे वाचावे.

१९८३ च्या २७ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध मोर्चाची वीस वर्षे साजरी झाली. समलिंगींच्या प्रतिनिधीला बोलू द्यावयाचे की नाही यावरून संयोजकांत वाद झाला. अखेर परवानगी मिळाली आणि मार्टिन ल्यूथर किंग जिथे बोलले होते तिथे लॉर्ड बोलली. दोनच महिन्यांनी अमेरिकेने तिच्या आईच्या ग्रेनाडा बेटावर सैन्य उतरवले, तेव्हा त्या चढाईविरुद्धही तिने लिहिले.

१९८४ मध्ये बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत ती शिकवायला गेली. जर्मनीत वाढलेल्या काळ्या मुली तिच्या वर्गात येऊ लागल्या. स्वतःला काय म्हणवून घ्यावे हेही त्यांना ठाऊक नव्हते; लोक त्यांना जी नावे ठेवीत तीच त्यांची ओळख. लॉर्डबरोबरच्या बैठकांतून ‘आफ्रो-जर्मन’ हे नाव निघाले आणि १९८६ मध्ये त्या स्त्रियांचे स्वतःचे पुस्तक. त्या पुस्तकातली एक तरुण कवयित्री मे आयिम पुढे जर्मन कवितेत नावाला आली. त्याच सुमारास कर्करोग लॉर्डच्या यकृतात पसरल्याचे निदान झाले होते. तरी ती जवळजवळ दर वर्षी बर्लिनला जात राहिली. १९९१ मध्ये ती न्यूयॉर्क राज्याची राजकवी झाली. १७ नोव्हेंबर १९९२ रोजी कॅरिबियनमधील सेंट क्रॉय बेटावर ती वारली. तिचे कागदपत्र आज अटलांटा येथील स्पेलमन या काळ्या स्त्रियांच्या कॉलेजात जपून ठेवलेले आहेत.