पालकांमधील उमेदवार
व्यंकोजीराजांच्या १६६९ च्या शिलालेखामुळे मराठी माणसाला जवळचे वाटणारे बंगळूरचे मल्लेश्वरम! तेथे खासगी शाळा पुष्कळ. परंतु पालकांच्या मताला कायद्याचे बळ आहे ते सरकारी शाळांत. कर्नाटकात २००१ पासून अशा शाळांसाठी शाळा विकास व देखरेख समित्या स्थापन झाल्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार समितीत तीनचतुर्थांश पालक व निम्म्या महिला असाव्या लागतात. सदस्यासाठी शिक्षणाची अट या कायद्यात नाही. धुणीभांडी करणारी आईही सदस्य होऊ शकते. मात्र बैठकीच्या दिवशी तिची मजुरी बुडते. हिशेब वाचता न आल्यास सही दुसऱ्याच्या सांगण्यावरून होते, आणि हीच खरी अडचण होय. पालक विचारतात, शिक्षकाची रिकामी जागा केव्हा भरणार? ती नेमणूक समितीच्या हाती नसते. अनुदानाचा विनियोग तपासण्याचे आणि स्वच्छतागृहाची दुरुस्ती शाळेच्या विकास आराखड्यात मांडण्याचे वचन मात्र उमेदवाराला देता येते.