सगे कोण, सोयरे कोण? कुलसंमेलनाच्या मागच्या खुर्च्यांवर चालणारा खरा कार्यक्रम

डोंबिवलीत डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या रविवारी मंगल कार्यालयाच्या दारात एकाच आडनावाची दीड-दोनशे माणसं दिसली, तर ते लग्नच असेल असं नाही. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असतो. त्यावर नाव आणि खाली कोकणातलं मूळ गाव. स्टेजवर बारावीला चांगले मार्क मिळवलेल्या पोरांचे सत्कार चालू असतात, पंच्याहत्तरी झालेल्या आजोबांना शाल-श्रीफळ दिलं जातं, माईक मध्येच शिट्टी मारतो. पण खरा कार्यक्रम मागच्या खुर्च्यांवर रंगलेला असतो.

"तू कुणाची गं? म्हणजे गिरगावातल्या अण्णांची नात का? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? आणि तुझा तो बदलापूरचा काका, तो आता कुठे असतो?"

याला म्हणतात कुलसंमेलन. एका कुळातल्या, एका आडनावाच्या लोकांचा मेळावा. नव्या पोरांना हा सगळा प्रकार बोअर वाटतो, आणि स्टेजवरची भाषणं ऐकली तर त्यात त्यांची फार चूकही नाही. पण मागच्या खुर्च्यांवर जी माहिती फिरत असते, तिच्यावर जमिनीचे दाखले, जातीची प्रमाणपत्रं आणि आत्याचा गावच्या घरातला हिस्सा अडलेला असतो. कसा, ते बघू.

सुरुवात एका शब्दापासून. २०२४ च्या जानेवारीत मनोज जरांगे पाटलांचा मोर्चा वाशीत थांबला आणि सरकारने अधिसूचनेचा मसुदा काढला. तेव्हा राज्यभर एकच शब्द गाजला, सगेसोयरे. सगे म्हणजे रक्ताचे, सोयरे म्हणजे लग्नामुळे जोडले गेलेले. एरवी लग्नपत्रिकेत आणि आजीच्या बोलण्यात राहणारा हा जोडशब्द थेट सरकारी कागदात आला, आणि कुठल्या पिढीपर्यंतचा नातेवाईक धरायचा यावर टीव्हीवर तासन्‌तास चर्चा झाल्या. त्याच्या काही महिने आधी, २०२३ मध्ये, न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या होत्या. नोंद सापडली तरी काम संपत नव्हतं. नोंदीतला माणूस आपला खापरपणजोबाच आहे हे दाखवायला वंशावळ लागत होती. मग ज्या घरांत वंशावळ कुणी कधी लिहिलीच नव्हती, तिथे सगळे जण घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाभोवती वही घेऊन बसले.

मराठीत या नात्यांची मोजणी फार बारीक आहे. इंग्रजीत एका 'कझिन'मध्ये काम भागतं. आपल्याकडे चुलत, आते, मामे आणि मावस असे चार वेगळे कप्पे. त्याशिवाय साडू, जाऊ, विहीण, व्याही आहेतच. हा नुसता भाषेचा थाट नाही. चुलत भाऊ भावकीतला, त्याच्याकडचं सुतक दहा दिवस पाळायचं. मावसभाऊ कितीही जवळचा असला तरी भावकीत नाही. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या पुस्तकात भारतातल्या नात्यांच्या पद्धतींचे विभाग पाडले, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. मराठी समाजातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, चुलत बहिणीशी चालत नाही. त्यामुळे कोण कुणाचं कोण हे माहीत नसणं परवडणारं नव्हतं.

आता प्रश्न असा की हे सगळं ठाणे, कल्याण, डोंबिवलीतच एवढं का गाजतं?

याचं उत्तर रेल्वेत आहे. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. पण माणसं इकडे राहायला आली ती फार नंतर. कोकणातून मुंबईत आलेलं कुटुंब आधी गिरगावात, दादरला, लालबाग-परळला स्थिरावायचं. एका चाळीत काका, दोन चाळी सोडून मामा, गावच्या मंडळाच्या खोलीत गावाहून आलेली एकटी पोरं. कुणाकडे काय चाललंय हे कळायला संमेलन लागत नव्हतं, गॅलरी पुरायची. मग कुटुंबं वाढली, खोल्या तेवढ्याच राहिल्या. नोकरदार मध्यमवर्ग मोठ्या जागेसाठी डोंबिवलीकडे सरकला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तो कधी मिटलाच नाही म्हणतात, आणि गिरणगावातली कितीतरी घरंही मुंबईबाहेर पडली. कुणी दिव्याला, कुणी कळव्याला, कुणी बदलापूरला. एका चाळीतली चार भावंडं आता मध्य रेल्वेच्या चार स्टेशनांवर राहतात. अंतर तासाभराचं, पण भेट वर्षातून दोनदा. एक गणपतीत, एक भाऊबीजेला. भाऊबीजेच्या दिवशी ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मिठाईच्या पुड्यांची गर्दी बघितली असेल, तर हे वेगळं सांगायला नको.

यात एक गंमत आहे. डोंबिवली मुळात ज्यांची, त्या आगरी-कोळी समाजाला असल्या संमेलनाची गरजच पडत नाही. नांदिवली, भोपर, आयरे, सोनारपाडा ही गावं शहराने गिळली, पण माणसं तिथेच राहिली. त्यांच्याकडे हळद असते. हळदीच्या रात्री अख्खं गाव आणि आजूबाजूच्या गावांतले सगळे पाव्हणे मांडवात असतात, आणि चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला पुन्हा तीच मंडळी भेटते. बाहेरचे लोक डीजेच्या आवाजावर बोलतात, पण त्या एका रात्रीत जेवढ्या नातेवाइकांची खबरबात मिळते तेवढी हॉल भाड्याने घेऊनही मिळणार नाही.

बाकीच्यांनीही पूर्वी याची सोय करून ठेवली होतीच. केळवण घ्या. लग्न ठरलं की मुलाला किंवा मुलीला एकेका नातेवाइकाकडे जेवायला बोलावतात. आज आपण ते रांगोळीने सजवलेल्या ताटाचे फोटो टाकायला करतो. पण नीट बघितलं तर तो संसार सुरू होण्याआधीचा नातेवाईक-परिचयाचा क्रॅश कोर्स होता. पंधरा घरी जेवलात की पंधरा घरांची परिस्थिती डोळ्यांनी दिसते. कुणाच्या घरी आजी अंथरुणाला खिळली आहे, कुणाचं काम सुटलंय, कुणाच्या दोन भावांत बोलणं नाही. हे कुणी सांगावं लागत नाही, पानावर बसल्यावर कळतं. वाईट बातमीचीही पद्धत ठरलेली होती. पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की ते घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचून फाडून टाकायचं. कोण गेलं हे कळणं सक्तीचं होतं, कारण सुतक पाळायचं होतं.

मग काही लोकांनी हे सगळं लिहूनच काढायचं ठरवलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः कोकणस्थ ब्राह्मण घराण्यांत, 'कुलवृत्तांत' छापायची लाटच आली. एकेका आडनावाचा जाडजूड ग्रंथ. आत मूळ गाव, कुलदैवत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी, आणि प्रत्येक माणसापुढे जन्म, शिक्षण, नोकरी, लग्न कुणाशी, आता कुठे राहतो. माहिती जमवणारे बहुतेक हौशी गृहस्थ. त्यांनी गावोगाव पत्रं पाठवायची, उत्तर आलं नाही की पुन्हा पाठवायची. हल्ली फॅमिली ग्रुपवर 'सर्वांनी फॉर्म भरावा' असा मेसेज टाकून जो माणूस वैतागतो, त्याचे हे पूर्वज.

हे ग्रंथ घरच्या कपाटात धूळ खात पडले असते, पण अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाच्या मॉरीन पॅटरसन यांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. चित्पावन घराण्यांच्या या इतिहासांवर त्यांचा लेख १९६८ मध्ये आला. त्यांचा मुद्दा सोपा होता. एका कुटुंबाने हौसेने लिहिलेली ही माहिती एकत्र ठेवली, तर महाराष्ट्रातला समाज कसा बदलला याचा दस्तऐवज हातात येतो. लोक गाव सोडून कुठे गेले, कुठल्या पिढीने इंग्रजी शिक्षण घेतलं, भिक्षुकी सोडून नोकरीत कोण शिरलं. आपण ज्याला काकूंच्या चौकशा म्हणतो, तोच हा डेटा.

पण या वंशावळींत एक अडचण आहे, आणि ती छोटी नाही. वंशावळ मुलाकडून मुलाकडे जाते. मुलगी आली की तिचं नाव, फार तर कुणाला दिली ते, आणि रेघ तिथेच थांबते. तिची मुलं दुसऱ्या कुळाच्या पुस्तकात. त्यात आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरची कुसुम सासरची सुनंदा होते. दोन्ही पुस्तकं हातात घेतली तरी ही एकच बाई आहे हे कळणार नाही. ते फक्त कुणीतरी सांगितलं तर कळतं.

आणि सांगणारी बहुतेक वेळा बाईच असते. कॅनडाच्या कॅरोलिन रोझेंथल यांनी १९८५ मध्ये एका अभ्यासात दाखवलं की कुटुंबाला जोडून ठेवायचं काम, म्हणजे फोन करणं, वाढदिवस लक्षात ठेवणं, आजारपणाची खबर पोचवणं, हे बहुधा घरातली एखादी ठरावीक व्यक्ती करते आणि ती बहुतांशी स्त्री असते. प्रत्येक घरात अशी एक मावशी किंवा काकू असतेच. तिची कधीही न छापलेली वंशावळ छापलेल्या कुलवृत्तांतापेक्षा जास्त भरलेली असते, कारण तिच्यात मुलींच्या मुलीही असतात. ती गेली की निम्म्या नातेवाइकांचे नंबर फोनमध्ये राहतात आणि फोन करायला कारण राहत नाही.

बरं, रेघ तिथे थांबल्याने बिघडतं काय? कोकणातला सातबारा काढून बघा. कितीतरी घरांत जमिनीवर अजून पणजोबांचंच नाव असतं, कारण मधल्या पिढ्यांनी वारस नोंद केलीच नाही. सगळे मुंबईला होते, तलाठ्याकडे जायचं कुणी? आज ती जमीन विकायची, तिच्यावर घर बांधायचं किंवा भूसंपादनाचा मोबदला घ्यायचा म्हटलं की सगळे वारस लागतात. आणि कायद्याचे वारस वंशावळीतल्या रेघेवर थांबत नाहीत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने मुलगी मुलासारखीच सहहिस्सेदार झाली, लग्न झालेलं असो वा नसो. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, हा वाद उरला होता. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायची अट नाही. आधीच रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्यामुळे उकरून काढता येत नाहीत.

म्हणजे गावच्या घराच्या कागदासाठी आता शहाडची आत्या लागते, पुण्यात वारलेल्या दुसऱ्या आत्याची मुलंही लागतात, ज्यांना कुणी वीस वर्षांत भेटलेलं नाही. मग अचानक त्यांची आठवण येते, फोन जातात, संमेलनाचं आग्रहाने आमंत्रण जातं. जेवणं झाल्यावर कुणीतरी हळूच हक्कसोड पत्राचा विषय काढतं. "सही तेवढी कर, तुला कुठे गावाला जायचंय." अनेक आत्या करतात सही, माहेर तुटायला नको म्हणून. करावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हक्कसोड पत्र नोंदणीकृत लागतं आणि एकदा केल्यावर मागे फिरणं फार अवघड, एवढं तरी सही मागणाऱ्याने सांगायला हवं. बहुतेक वेळा सांगत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, फॅमिली ग्रुप आहे की, सगळं कळतंच. कळतं काय? वाढदिवस, नवी गाडी, काश्मीरची ट्रिप, सकाळचे गुलाब. घटस्फोट ग्रुपवर कुणी टाकत नाही, नोकरी गेल्याचं टाकत नाही, आणि आजोबा 'अटॅकने गेले' यापलीकडे नेमकं काय झालं होतं हेही कुणी लिहीत नाही. पुढे डॉक्टर विचारतात, घरात कुणाला डायबेटिस, बीपी, कॅन्सर होता का? तेव्हा आपण एकमेकांकडे बघतो. ही उत्तरं मागच्या खुर्चीवरच्या मावशीकडे असतात, आणि ती ग्रुपवर फक्त नमस्काराचा हात टाकते.

त्यामुळे पुढच्या वेळी आईने ओढून संमेलनाला नेलंच, तर स्टेजकडे पाठ करून बसलात तरी चालेल. मावशीला गाठा, फोनचं रेकॉर्डिंग लावा, तिला आधी सांगून मगच. घरून जुना फोटोंचा डबा न्या आणि एकेक फोटो तिच्यापुढे धरा. मागे पेन्सिलीने नावं लिहा, बायकांची दोन्ही, माहेरचं आणि सासरचं. कोण कशाने गेलं ते विचारा. गावच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे तेही विचारा, मग बघा कोण कोण खुर्ची जवळ ओढतं.

आणि संमेलनाची तारीख ठरवायचं काम तुमच्यावर आलं, तर आधी मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा. ठाणे-कल्याण दरम्यान असेल, तर निम्मं कुळ दिव्यातच अडकतं.