टाळूची शिवण

जिभेचं टोक टाळूवरून दातांकडून घशाकडे नेलं, की मधोमध एक बारीक रेघ लागते. गर्भात टाळूचे दोन भाग दोन बाजूंनी येऊन तिसऱ्या महिन्यापर्यंत सांधले गेले, त्याची ही शिवण.

हा सांधा जुळायचा राहिला, तर बाळ फाटलेली टाळू घेऊन जन्मतं. साधारण ७०० बाळांमागे एकाचा ओठ किंवा टाळू अशी दुभंगलेली असते. आपल्याकडे मग आईलाच बोल लागतो: ग्रहणात विळीवर बसली असेल, काही चिरलं असेल. हा बोल किती खोटा आणि क्रूर आहे, ते गर्भातल्या पेशींचा प्रवास पाहिला की कळतं.

चेहऱ्याची आणि जबड्याची बहुतेक हाडं ज्यांच्यापासून होतात, त्या न्यूरल क्रेस्ट पेशी मुळात तिथल्या नसतातच. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, तिच्या काठावरून त्या सुटतात आणि वाट काढत चेहऱ्याच्या जागी येतात. या प्रवासाला आणि पुढच्या घडणीला लगाम घालणाऱ्यांत मायक्रोआरएनए असतात. हे जेमतेम २२ अक्षरांचे तुकडे. जनुकाचा निरोप घेऊन निघालेल्या लांब आरएनएला ते चिकटतात आणि त्या निरोपाचं प्रथिन कमी बनतं. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत हे दाखवलं. २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मायक्रोआरएनएची शेवटची कापणी डायसर नावाचं विकर करतं. उंदरांच्या न्यूरल क्रेस्ट पेशींतून ते काढून टाकलं, तेव्हा पेशी मुक्कामी पोचल्या, पण पुढची घडण सुरू होताना मेल्या. चेहऱ्याची बहुतेक हाडं झालीच नाहीत.

त्याहून बोलका प्रयोग झेब्राफिशवरचा, २००८ सालचा. गंगेच्या खोऱ्यातला हा इवलासा मासा. त्याचा गर्भ काचेसारखा पारदर्शक, त्यामुळे पेशी चालताना दिसतात. पीडीजीएफ नावाचा संकेत त्यांना वाट दाखवतो आणि तो ऐकणारे पेशींचे ‘कान’ किती असावेत, हे मायक्रोआरएनए-१४० ठरवतो. तो जास्त झाला, तर पेशी टाळूच्या जागी पोचत नाहीत, टाळू फाटते. कमी झाला, तर संकेत जिथून येतो त्या डोळ्याच्या देठापाशीच पेशी गर्दी करतात आणि टाळूचा आकार बिघडतो.

माणसात प्रत्येक वेळी कारण हेच असतं असं नाही. अनेक जनुकं, काही औषधं, गरोदरपणातलं धूम्रपान यांचाही वाटा असतो. विळीचा नसतो.

याच १४० क्रमांकाच्या मायक्रोआरएनएमधलं एक अक्षर बदललेली माणसं २०१९ मध्ये वैद्यकीय नोंदीत आली. त्या एका अक्षरापायी तो तुकडा आपले निरोप सोडून भलतेच अडवू लागला होता. त्यांची उंची खुंटलेली, हातापायांची बोटं आखूड आणि चेहऱ्याचा मधला भाग आत दबलेला होता.