हार्ट अटॅकनंतर पेशंटला घरात बसवून ठेवायचं का?

अँजिओप्लास्टी झाली, डिस्चार्ज मिळाला. घरी आल्यावर मात्र छातीत जरा कळ आली तरी पोटात गोळा येतो. घरचे साधी पिशवी उचलू देत नाहीत. काळजीपोटीच, पण माणूस एकटा पडतो. हार्ट अटॅक आलेल्यांपैकी साधारण पाचात एकाला गंभीर नैराश्य येतं.

इथे कामाला येतं कार्डियाक रिहॅब. म्हणजे नुसती ट्रेडमिल नव्हे. देखरेखीखाली हळूहळू वाढवलेला व्यायाम, आहार, औषधं आणि समुपदेशन. नाडी-बीपी बघणारं कुणी शेजारी असताना धाप लागली आणि काहीच झालं नाही, की भीती ओसरते. शिवाय त्याच अनुभवातून गेलेली चार माणसं भेटतात.

महागडी यंत्रं लागतातच असं नाही. भारतातल्या २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर ‘योगा-केअर’ चाचणी झाली. निम्म्या रुग्णांना तीन महिन्यांत योगाची १३ सत्रं दिली. २०२० मध्ये निकाल आले. पुन्हा अटॅक किंवा मृत्यूचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही, हे सांगायलाच हवं. पण योग करणाऱ्यांना स्वतःची तब्येत थोडी जास्त बरी वाटली आणि रोजच्या कामांकडे ते अधिक प्रमाणात परतले.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना रिहॅबबद्दल विचारा. कामावर कधी जायचं, गाडी कधी चालवायची, शरीरसंबंध कधी ठेवायचे, हेही. लाजू नका, त्यांना हे प्रश्न नवे नसतात.