तुरुंगाच्या वहीतले आजोबा



आपल्या वर्धा जिल्ह्यात तुरुंगवास मानाचाही असतो. विनोबा भावे १९४० मध्ये पवनारहून सत्याग्रह करून तुरुंगात गेले. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावानंतर आष्टीच्या गावकऱ्यांनीही शिक्षा भोगल्या. त्यांची नावे आपण आदराने घेतो. पण एखाद्या गोंड, कोलाम किंवा पारधी घरात आजोबांच्या तुरुंगवासाचा विषय निघाला, की माना खाली जातात. आज त्याच आजोबांची नोंद नातवाच्या कामी येऊ शकते.

अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी होताना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या कागदाला मोठे वजन असते. आजोबा शाळेत गेले नाहीत, शेतही नावावर नाही, तर असा कागद आणायचा कुठून? पडताळणी अडली, की मुलाचा प्रवेश आणि नोकरी दोन्ही अडतात.

१८९४ च्या कारागृह कायद्याने प्रत्येक तुरुंगात काही वह्या ठेवणे बंधनकारक केले: दाखल कैद्यांची, सुटकेच्या तारखांची, तुरुंगातील शिक्षांची, भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांची आणि कैद्याकडून जमा केलेल्या पैशांची व वस्तूंची. जुन्या कैदी नोंदीत नावासोबत वडिलांचे नाव, गाव, वय आणि जातही सापडू शकते.

शोधायचे असल्यास कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा. तिथे काही मिळाले नाही, तर न्यायालयाच्या अभिलेख कक्षात विचारावे. कारण शिक्षा संपल्यावर वॉरंट शेरा मारून न्यायालयाकडे परत जाते. कारकुनाने नाव कानावर पडले तसे लिहिलेले असते. म्हणून नाव, वडील, गाव आणि वय ही चारही जुळवून पाहावीत. नोंद मिळाल्यास प्रमाणित प्रत घ्यावी.

गुन्ह्याचा रकाना वाचताना त्या काळचा कायदाही आठवावा. राखीव जंगलातून लाकूड आणणे हा गुन्हा होता. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तर जन्मावरूनच माणसावर शिक्का बसे आणि हजेरी चुकली तरी शिक्षा होई. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. घरातली लाज मात्र अजून गेलेली नाही.

म्हणून कुटुंबाच्या संमतीशिवाय अशी नोंद कुणालाही दाखवू नये. मत्तय २५ मध्ये प्रभूने बंदिवानाला आपल्या भावांत गणले आहे. या कुटुंबांना कागद मिळावा आणि त्यांची मान ताठ राहावी, यासाठी प्रार्थना करा. अर्ज लिहिता येत असेल, तर एका कुटुंबासोबत कचेरीतही जा.